लेखक: सलीम झेरॉक्स

पडद्यावर माझं काम होतं आणि समोर बसलेली तीस-पस्तीस माणसं हसत होती.

सिडकोतल्या निरंजन सरांच्या बंगल्यातला वरचा हॉल. रविवार, दुपारचे चार. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या गटाची बैठक. मुक्त म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्त करावा, पुढं द्यावा. सर हा गट चालवायचे. त्या दिवशी त्यांनी प्रोजेक्टरवर आमच्या सॉफ्टवेअरचा लॉग लावला होता. लॉग म्हणजे कुणी काय बदललं, कधी बदललं त्याची यादी. ती आपोआप बनते आणि जगात कुणालाही बघता येते. प्रत्येक बदलासमोर लेखक म्हणून एक नाव असतं.

सर यादी खाली सरकवत गेले आणि थांबले.

"हे बघा. लेखक, सलीम झेरॉक्स."

हॉल फुटला नुसता.

"थांबा, अजून आहे. सलीम झेरॉक्स. परत सलीम झेरॉक्स. एक्केचाळीस वेळा!"

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, मियाँभाईला विचारा, कोड पाठपोट मिळंल का!"

मग सरांनी बदलांसोबत आलेला मेल उघडला. आवाज जरा गंभीर केला, कचेरीतल्या कारकुनासारखा, आणि वाचायला लागले. "प्रति, माननीय महोदय. विषय, बदल स्वीकारणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सोबत जोडलेले बदल तपासून घ्यावेत. काही चुकल्यास मोठ्या मनाने माफी असावी. आपला विश्वासू." पुढं त्यांना वाचताच येईना. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "अरे, याने तहसीलदाराला अर्ज केलाय का मला? मित्रांनो, आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या समाजात कसं लिहू नये याचा हा नमुना. जपून ठेवा."

तो मेल मी लिहिला होता. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बदल माझे होते. मी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते.

आणि मी पण हसले.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. पण लपवायचं नाय असं ठरवलंय. सगळे हसले, म्हणून मी पण हसले. तोंडावर ओढणी धरून हसले. सलीमचाचांच्या नावावर हसले, ज्यांनी मला कॉम्प्युटरचं मशीन दिलं. स्वतःच्या मेहनतीवर हसले. थू माझ्यावर.

सलीमचाचांचं दुकान क्रांती चौकाच्या अलीकडं, एका गल्लीत. झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग, लग्नपत्रिका. मी कॉलेज करून दुपारपासून तिथं टायपिंगला असायचे. आम्ही राहायला रांजणगावला, वाळूजच्या कंपन्यांमागं, पत्र्याच्या दोन खोल्यांत. मूळ गाव सिल्लोडकडचं. आमची मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, आठ महिने रानोमाळ आणि चार महिने गावात. मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसरं वर्ष गेला. चारा छावण्या लागल्या, पण तिथं गाया-बैलं घेत होते, मेंढरं घेत नव्हते. आबा दोन छावण्यांच्या दारातून कळप माघारी घेऊन आला. चरायची गायरानं होती तिथं खुंट्या ठोकून प्लॉट पाडले होते, बोर्ड लागले होते, ड्रीम सिटी का काय ते. शेवटी कळप विकला आणि आबा वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. काठी तीच ठेवली. साहेब म्हणाला, ही नको, आमची देतो. आबानं नाय ऐकलं.

दुकानात त्या वर्षांत दुसरं कामच नव्हतं. अर्ज, अर्ज, अर्ज. टँकर मिळणेबाबत. विहीर अधिग्रहण करणेबाबत. आम्ही सगळं जुन्या फॉन्टात टाइप करायचो, सगळी दुकानं तेच करतात. कागदावर छान उमटायचं. पण मग कचेऱ्यांनी अर्ज मेलवर मागायला सुरुवात केली. तो जुना फॉन्ट तिकडच्या संगणकावर नसायचा, म्हणून तिकडं नुसते चौकोन दिसायचे. सिल्लोडकडच्या एका वस्तीवरची म्हातारी, पुतळामावशी, टँकरच्या अर्जासाठी तीनदा आली. तिसऱ्यांदा दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाय, साहेब म्हनतो तुझ्या अर्जात कायच नाय, डबेच डबेत. मी काय डबे मागितले व्हय? पानी मागितलं." तिच्या पायाला भेगा अशा की बघवंना.

त्या दिवशी मी ठरवलं. जुन्या फॉन्टातला मजकूर उचलून नव्या पद्धतीत टाकायचा, कुठंही दिसंल असा. निरंजन सरांच्या गटाचं असं एक सॉफ्टवेअर होतं, मुक्त. मी ते उतरवून घेतलं. पण ते फार कच्चं होतं. रफार उडायचा, अर्धी अक्षरं गळायची, कान्याच्या जागी भलतंच काहीतरी यायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आयुष्यात कधी लग्नपत्रिका टाइप केलेली नव्हती, हे बघताक्षणी कळत होतं. मी रोज आठ तास तेच करत होते. कुठल्या बटणाला कुठला तुकडा येतो आणि तो कुणाच्या अंगाला चिकटतो, हे माझ्या बोटांना पाठ होतं.

कोड लिहायला मी कशी शिकले ते विचारू नका. कॉलेजात फळ्यावर शिकवायचे, मशीन चौघांत एक. चाचांनी दुकानातलं जुनं मशीन मला मोकळं करून दिलं. "ले बेटी, तू इसकू चला. बिगड्या तो बिगड्या, वैसे भी कबाड में जाने वाला था." त्यांच्या भाच्यानं ते पहिल्या दिवशी चालू करून दिलं आणि नाव विचारलं तिथं दुकानाचं नाव टाकलं. मला काय माहीत, तेच नाव माझ्या प्रत्येक बदलावर शिक्क्यासारखं बसतंय? आणि मेल कसा लिहायचा ते पण कुणी शिकवलं नव्हतं. मला एकच पत्र लिहिता येत होतं, जे मी दिवसातून तीस वेळा लिहायचे. प्रति, महोदय, विषय. तेच पाठवलं. दुकानाच्या मेलवरून, दुकानाच्याच नमुन्यात. आपला विश्वासू.

सहा महिन्यांत एक्केचाळीस बदल. सगळे स्वीकारले गेले. सॉफ्टवेअर चालायला लागलं. पुतळामावशीचा अर्ज मी त्यातून काढून पाठवला आणि तो तिकडं वाचता आला. टँकर आला का, विचाराल. दीड महिन्यानं आला. पण अर्ज वाचता आला.

मग मी बैठकीला जायला लागले. पहिल्याच दिवशी सरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. "आडनाव?" ते पण सांगितलं. "अच्छा! म्हणजे मेंढपाळ तुम्ही. अरे वा, किती निसर्गाच्या जवळ असता." आमची मेंढरं विकून तेव्हा वर्ष झालं होतं. मी मान हलवली, आणि ते बदल माझे आहेत हे सांगायचं राहूनच गेलं. माझ्याशिवाय तिथं एकच बाई, प्राचीताई, बँकेत होती. आल्यागेल्याची नोंद, चहाचे कप आणि फोटो तिच्याकडं. मी गेल्यावर कप माझ्याकडं आले.

बैठक पाचला संपायची, पण ठरायचं काहीच नाय. खरं ठरायचं ते नंतर, कोपऱ्यावरच्या हॉटेलात, ज्यांच्याकडं मोटारसायकली होत्या त्यांच्यात. कुणाचं काम घ्यायचं, कुणाला अधिकार द्यायचे, कुणाला बाहेरगावच्या संमेलनाला पाठवायचं. मी तेव्हा वाळूजच्या बसमध्ये दांडीला लटकलेली असायचे. एकदा प्राचीताईनं विचारलं होतं, "सर, हे सगळं लिहून का नाही ठेवत? कोण ठरवतं, कसं ठरवतं?" सर हसून म्हणाले होते, "प्राची, आपण कुटुंब आहोत. कुटुंबात कसले नियम?"

तर त्या हसण्याच्या दिवशी बैठक संपल्यावर मी गेटजवळ थांबले. सर बाहेर आले. मी म्हटलं, "सर, ते सलीम झेरॉक्स म्हणजे मी."

"तू?" ते खरोखर दचकले. मग मोठ्यानं हसले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं! छान काम आहे. खरंच छान आहे. मी ते नाव वगैरे नीट करून टाकतो, काळजी करू नकोस."

मी तरंगतच घरी गेले. काय येडी होते मी! बसमध्ये कुणाचा धक्का लागला तरी हसत होते. वाटलं, आता तिथं माझं नाव येणार. जगात कुणीही उघडून बघावं आणि तिथं माझं नाव असावं.

चाचांना सगळं सांगितलं, सगळे हसले ते पण सांगितलं. ते कटिंग मशीनवर पत्रिका कापत होते. हात थांबला. "मेरे नाम पे हँसे वो लोगां?" एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. "तू भी?" त्यांनी कापायला परत सुरुवात केली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी समोसा आणून पुढ्यात ठेवला. मला तो गिळवंना.

त्या वर्षी आबानं मुदत घातली होती. "दिवाळीपोतर नोकरी लागली तर ठीक. नाय तर पावनं बघतो. तुज्या मागं दोघीजनी हायेत." आबा वाईट नव्हता. बाराबारा तास गेटवर उभा राहून त्याचे पाय सुजायचे. मी म्हटलं, लागंल. पुण्याच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं होतं. त्यांना पदवीशी देणंघेणं नव्हतं, मुक्त सॉफ्टवेअरमधलं काम दाखवा म्हणाले. मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच आहे.

पहाटेच्या एसटीनं गेले. काचेची इमारत, आत थंडगार. समोर एक मॅडम, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, बोलायला चांगल्या. मी प्रकल्पाचं नाव सांगितलं. एक्केचाळीस बदल माझे आहेत म्हणाले, एकेक कसा केला ते सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि लॅपटॉपवर लॉग उघडत होत्या. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.

"यात तुमचं नाव दिसत नाही कुठे."

मी बघितलं. सलीम झेरॉक्स नव्हतं. मी पण नव्हते. एक्केचाळीस ओळी, तारखा त्याच, बदल तेच. लेखक, निरंजन. लेखक, निरंजन. खालपर्यंत निरंजन.

माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, इथं आधी सलीम झेरॉक्स होतं. ते मी होते." आणि बोलता बोलताच मला कळलं, हे किती खुळ्यासारखं ऐकू येतंय.

मॅडमनी लॅपटॉप परत स्वतःकडं घेतला. "दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारे बरेच येतात आमच्याकडे. मी तुम्हाला तसं म्हणत नाहीये. पण माझ्यापुढे जे आहे तेच मला बघावं लागतं ना."

म्हणत नाहीये म्हणाल्या. म्हणून झालं होतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं लावून बसले. दोन्हीकडं करपलेली रानं, मधूनमधून नव्या बिल्डिंगींचे सांगाडे आणि त्यांच्यापुढं पाण्याचे टँकर. बिल्डिंगींना पाणी होतं. मला रडू येत नव्हतं. मला मरावंसं वाटत होतं, खरं सांगते. चोरी माझी झाली आणि चोर मीच ठरले, तेही एका चांगल्या बाईपुढं. तिची काय चूक? लॉग खोटं बोलत नाही, असंच तर आम्ही सगळे मानतो. लॉगच बदलता येतो, मागं जाऊन सगळी नावं नव्यानं लिहिता येतात, हे मला माहीत होतं. पण असं कुणी करत नसतं. जे उघड्यावर गेलं त्याला हात लावायचा नाय, ही या धंद्यातली साधी रीत आहे. आमच्या गटात पहिल्या दिवशी शिकवतात ती. शिकवणारे निरंजन सरच.

घरी आबा नुकताच ड्यूटीवरून आला होता. पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. कोड, लॉग, लेखक. आबा ऐकत राहिला. मग म्हणाला, "थांब. आपल्या मेंढराच्या कानाला काप असतो. त्यावरून कळपातबी आपलं मेंढरू वळखू येतं. तुज्या मेंढराचा काप त्यानं बदलला, आसंच ना?"

मी म्हटलं, "व्हय आबा. तसंच."

"मग त्यात येवढं काय समजून सांगती? काप बदलनारा चोरच की! मेंढरू माघारी आनायचं."

आई चुलीपासून म्हणाली, "अहो, पोरीला कुठं भांडायला लावता? मोठी मान्सं ती." पण दिवाळीची मुदत आबानं मागं घेतली नाय, हे पण खरं.

पुढच्या रविवारी मी बैठकीला गेले. चहाचे कप तसेच ठेवले, हात लावला नाय. सगळे जमल्यावर उभी राहिले. "सर, मला एक विचारायचंय. माझ्या एक्केचाळीस बदलांवर तुमचं नाव कसं आलं?"

सर हसले. "अगं, त्या विचित्र नावाने आपलं हसं होत होतं. बाहेरचे लोक बघतात. मी साफसफाई केली फक्त. बदल तपासून कोडच्या आत घेणारा मी, म्हणून माझं नाव आलं. लॉगचं टूल तसंच करतं."

"नाय करत," मी म्हटलं. "दोन जागा असतात. लिहिणारा वेगळा, आत घेणारा वेगळा. तुमचे अमेरिकेतले मित्र समीर यांचे बदल पण तुम्हीच आत घेतले. त्यांचं नाव जसंच्या तसं आहे. टूल त्यांना वळखतं आणि मला नाय, असं आहे का?"

सरांचा चेहरा बदलला. "हे बघ, आपण इथे नावासाठी काम करत नाही. समाजासाठी करतो. मी, माझं, हे आपल्या विचारात बसत नाही."

"मग तुमचं नाव काढा की! सगळ्यांचंच काढा."

कुणीतरी म्हणालं, "वातावरण खराब करू नका यार." दुसरा म्हणाला, "पुरावा काय? कुणीही उठून म्हणेल माझंय."

मला हेच पाहिजे होतं. मी म्हटलं, "तुमच्यातल्या ज्यांनी नावं बदलायच्या आधी हा कोड उतरवून घेतला असंल, त्यांच्या मशीनवर जुना लॉग तसाच पडलेला असणार. सरांनी मूळ जागेवर बदललं, तुमच्या घरातलं नाय बदललं. उघडा आणि बघा. सलीम झेरॉक्स दिसलं तर तो मेल ज्या दुकानातून आला तिथं चला माझ्याबरोबर. सगळे कच्चे मसुदे आहेत त्या मशीनवर."

तीसेक माणसं, तीसेक लॅपटॉप. कुणीही हललं नाय. ज्या माणसांनी मला सांगितलं होतं की आपल्यात काहीच लपलेलं नसतं, सगळं उघडं असतं, ती स्वतःचा लॅपटॉप उघडायला तयार नव्हती. मला वाटलं, आता मी खाली बसणार.

मागं खटकन झाकण उघडल्याचा आवाज झाला. प्राचीताई. तिनं बटणं दाबली, बघितलं आणि लॅपटॉप उचलून सगळ्यांकडं फिरवला. "आहे," ती म्हणाली. "सलीम झेरॉक्स. एक्केचाळीस." मग माझ्याकडं वळली. "मी पण त्या दिवशी हसले होते."

तुम्हाला वाटंल, झालं, जिंकले मी. कुठलं काय! सर म्हणाले, "हा विषय आपण शांतपणे नंतर बोलू." नंतर म्हणजे हॉटेलात. सोमवारी मी गटाच्या मेल यादीवर, जिथं टाकलेलं सगळ्यांना एकदम जातं तिथं, पत्र टाकलं. त्यात घडलं ते सगळं लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की सलीमचाचांच्या नावावर जे हसले त्यांत मी पण होते आणि त्याची माफी मी दुकानात जाऊन मागितलीय. पुढं लिहिलं, माझ्या ओळी जशाच्या तशा परत लावा. कोण काय ठरवतं ते लिहून ठेवा. तक्रार कुठं करायची ते लिहा, आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्यानंच निवाडा करायचा नाय, हे पण लिहा. पत्र यादीवर गेलंच नाय. "तपासणीसाठी राखून ठेवले आहे," एवढं उत्तर आलं. तपासणारे सर. त्या दिवसापासून माझं प्रत्येक पत्र तपासणीत. प्राचीताईला पुढच्या बैठकीची वेळच कुणी कळवली नाय. पुण्याच्या कंपनीनं दुसरं कुणी घेतलं.

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा सरांचा फोन आला. दुकानात गर्दी होती. मी मशीनमागं जाऊन बसले.

"झालं गेलं सोडून दे," ते म्हणाले. आवाज मऊ. "विशेष आभार म्हणून एक पान करतो आपण. त्यात तुझं नाव सगळ्यात वर. आणि पुण्यात माझी ओळख आहे. मी स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकतो, चांगल्या जागी लागशील. तू फक्त ते पत्रबित्र पाठवणं बंद कर. तुझ्या घरची परिस्थिती मला माहितीय."

त्यांना माहीत होतं. म्हणूनच तर फोन केला होता. माझ्या डोळ्यापुढं आबाचे सुजलेले पाय आले. पाठच्या दोघी बहिणी आल्या. हो म्हणायला एक अक्षर लागतं. माझ्या ओठावर ते आलं होतं, खोटं कशाला बोलू? मला नोकरी पाहिजे होती हो! कुणाला नको असते? चाचा गिऱ्हाईक सोडून माझ्याकडं बघत होते.

आणि मग मला त्या शब्दाचा राग आला. आभार.

"सर," मी म्हटलं, "आभार पाहुण्याचे मानतात. मी पाहुणी नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या ओळी परत लावा. आभार तुमच्याजवळ ठेवा."

फोन बंद झाला. पुढच्या अर्जात माझ्या चार चुका झाल्या. चाचांनी तो कागद घेतला, फाडला, म्हणाले, "फिर से मार. आराम से."

दिवाळी गेली. पावनं आलं होतं. मी त्यांच्यापुढं गेले आणि सांगितलं, मला इतक्यात करायचं नाय. आई अजून माझ्याशी धड बोलत नाय. आबा बोलतो, पण थोडंच. मी पूर्ण वेळ दुकानात आहे. नोकरी नाय. पाऊस या वर्षी पण उशिरा आहे म्हणतात. कुणी विचारलं की काय मिळालं तुला भांडून, तर माझ्याकडं सांगायला काहीच नाय. मी रडते पण. बसमध्ये, तोंडावर ओढणी घेऊन.

पण एक जागा सरांच्या हातात नाय. प्रकल्पाच्या पानावर चुका कळवायची जागा असते, ती सगळ्या जगासाठी उघडी असते, बंद केली तर मुक्त म्हणून मिरवता येत नाय. दर सोमवारी दुकानाचं शटर वर गेलं की मी आधी तिथं तक्रार टाकते. विषय, लॉगमधील एक्केचाळीस लेखकनावे बदलल्याबाबत. व्हय, अर्जासारखीच टाकते. हसा. खाली आता माझं पूर्ण नाव असतं. माझं, मधे आबाचं आणि शेवटी आडनाव, ज्यावरून सरांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं ते. दुपारपर्यंत सर तक्रार बंद करतात. कारण देतात, विषयाबाहेर. मी परत उघडते. ते बंद करतात. बंद करणाऱ्याचं नाव पण तिथं आपोआप उमटतं आणि ते जगाला दिसतं.

लोक सांगतात, सोड ना तो गट, वेगळी चूल मांड. कोड तर मुक्त आहे, कुणीही घेऊन जावा. का जाऊ? ते घर मी बांधलंय. भिंत मी घातलीय त्याची. निघायचंच असंल तर ज्यानं पाटी बदलली त्यानं निघावं. मी दारात उभी राहून काही मागत नाय, सर. मी आत बसलेय. उठवून दाखवा.